वावरातलं माहेर

रामकिसन घरजावई झाला तो साठी गाठल्यावर, अन् तेही स्वतःच्याच वावरात! अशी गंमत वाशीम जिल्ह्यात दुसरी कुठे घडली असेल तर सांगा बाप्पा, मी येऊन पाहून जाईन. शेलूबाजारला तो चहा प्यायला थांबला की हरिसिंग हॉटेलवाला कढईवरून मान वर करून ओरडायचा, "या जवाईबुवा! सासऱ्याच्या घरी चहा नाई भेटला वाटते आज?" बाकावरचे सारे खिदळायचे. रामकिसन मिशीतल्या मिशीत शिव्या द्यायचा, पण चहा तिथेच प्यायचा. दुसऱ्या टपरीवर गेला असता तर तिथेही हेच ऐकावं लागलं असतं.

हा सगळा कारभार त्याच्या बायकोचा. सोजरबाई म्हणजे अंगाने काडी, पण बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस बैल थांबवून वळून पाहील असा आवाज. लेकरं आपापल्या ठिकाणी लागली होती, गावात स्लॅबचं घर होतं, वावरात विहीर होती. तक्रार करावी असं काही नव्हतं. तरी बाई तक्रार करायचीच, कारण तिला त्यात मजा येत असे, आणि रामकिसनला ती ऐकायची सवय झाली होती.

तिचं माहेर कामरगावच्या पुढे, लहानशा खेड्यात. घर दोन खणांचं. सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर आढं आणि वासे, त्यावर मातीचे कवेलू, आणि खांबांच्या मधे तुराट्यांचा कूड लिंपून केलेल्या भिंती. अख्ख्या घरात लोखंडाचा खिळा नव्हता. लाकडात खाच करायची, दुसऱ्या लाकडाला तिच्या मापाचं कुसू काढायचं, ते खाचेत बसवायचं आणि वरून लाकडाचीच मेख ठोकायची. तिच्या बापाने हे घर मिस्त्रीच्या हाताखाली राबून स्वतः उभं केलं होतं, आणि ते पुढे आयुष्यभर पाहुण्यांना सांगितलं होतं. एकदा सांगून झालं की पाहुणा दुसऱ्यांदा यायला घाबरायचा.

आईबाप गेले. भाऊ फुलचंद पुण्याला, पोराजवळ. घराला कुलूप लागलं, त्याची किल्ली सोजरबाईकडे. पण बाईचं माहेरपण काही थांबलं नाही. दर अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती एकटी बसमधून जायची, कुलूप काढायची, झाडलोट करायची, आणि मग डोक्यावरचा पदर पाडून मागच्या दारात उताणी पडायची. बस्स! चहा ठेव म्हणणारं कोणी नाही, भाकरी झाली का विचारणारं कोणी नाही. रिकाम्या घरात कोणतं माहेरपण म्हणून जावा हसायच्या. हसोत बापड्या. त्या दारात पडलं की सोजरबाई कोणाची सासू नसायची आणि कोणाची बायकोही नसायची, नुसती सोजर असायची. तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

आणि दिवाळीत फुलचंदचा फोन आला.

"बाई, जागा इकली मी," तो म्हणाला. "घर तं पाडूनच टाकतीन थे लोक. होळीपर्यंत टाईम देल्ला त्याइनं."

"अन् लाकूड?"

"लाकूड कायचं बाई, जुनं झालं थे. सरपनाले देऊन टाक कोनाले."

सोजरबाईने फोन कापला. मग तिला वाटलं की शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या, म्हणून पुन्हा लावला, तर तो लागेना. फोन चुलीजवळ ठेवून ती बसून राहिली. रामकिसनने जेवताना दोनदा मीठ मागितलं, दोन्ही वेळा तिने पाणी दिलं. तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं की आता काहीतरी निघणार.

"मी वावरात बांधतो थे घर," ती म्हणाली.

"कोनतं घर?"

"मयं. माहेरचं. सोडून आनतो अन् विहिरीजवय उभं करतो."

रामकिसनचा घास हातातच राहिला. "अवो, डोकंबिकं ठिकानावर हाय का तुयं? माह्या आज्याच्या वावरात तुया बापाचं घर? लोक काय म्हनतीन मले? घरजावई म्हनतीन!"

"म्हनू द्या. बोलावनं आलं तं या, नाई आलं तं येऊ नका."

"मी पायच ठेवनार नाई त्या घरात."

"नका ठेवू. माहेरी नवरा कायले लागते?"

रामकिसन हात धुऊन उठला, आणि दुसऱ्या दिवशी शेलूबाजारला त्याने ही हकिकत हरिसिंगला मोठ्या विश्वासाने सांगितली. हा त्याचा गाढवपणा. संध्याकाळपर्यंत तो पंचक्रोशीत जवाईबुवा झाला होता.

आता मिस्त्री पाहिजे होता. शेलूबाजारला सादिक मिस्त्री होता. हल्ली तो प्लायवूडची कपाटं आणि टीव्हीचे शोकेस करायचा, पण बापाच्या हाताखाली तो जुनं काम शिकला होता, निदान तो तसं सांगायचा. सादिकला बोलायला फार लागायचं. रंधा चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं.

"भाबी, अल्ला कसम, असं सोडतो असं सोडतो, का घराले कळनार बी नाई का त्याले सोडलं," तो म्हणाला. "अब्बाच्या जमान्यात आमी अख्खी माडी या गावची त्या गावाले नेली व्हती. तुमचं तं दोन खनाचं हाय. चुटकी!"

आणि खरंच, सोडण्याचं काम त्याने देखणं केलं. आधी कवेलू हातोहात खाली आले. मग वासे, मग आढं. मेखा त्याने उलट्या बाजूने लाकडी हातोडीने ठोकून एकेक काढल्या, आणि एवढ्या वर्षांची घट्ट बसलेली कुसवं खाचांमधून अशी सरकली की सोजरबाईच्या अंगावर काटा आला. प्रत्येक सांध्याला सादिकने गेरूने खूण केली. इकडच्या लाकडावर चांद काढला तर त्याच्या जोडीदारावरही चांद. कुठे तारा, कुठे फुली, कुठे विळा, कुठे पतंग. खूण काढली की दोन पावलं मागे सरून तो तिच्याकडे पाहायचा. "काम खतम भाबी! आता आंधया बी जोडून देईन." सोजरबाई हाव हाव म्हणायची, पण तिचं लक्ष सुटत्या घराकडे असायचं.

पिकअप भरून लाकूड वावरात उतरलं, आणि इथे घोळ झाला.

सादिकला मंगरुळपीरला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. तो गेला. इकडे सोजरबाईपुढे तिचं सगळं माहेर लांबच लांब पडलेलं, धुळीने माखलेलं, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेलं. आता तुम्हीच सांगा, माहेरचं माणूस प्रवास करून दारात आलं तर बाई काय करील? तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग पाय धुवायला पाणी पाहिजे, म्हणून विहिरीची मोटर सुरू केली. पाय धुता धुता अंग धुतलं. नारळाच्या शेंडीने एकेक खांब घासला, एकेक तुळई घासली. गावातल्या बायका पाहायला म्हणून आल्या आणि पदर खोचून घासायलाच बसल्या. आहेराच्या, लग्नाच्या, बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या, कोणी गाणं म्हटलं. सुकल्यावर जवसाचं तेल चोळलं. संध्याकाळच्या उन्हात ते सागवान हळद लागलेल्या नवरीसारखं चमकायला लागलं आणि सोजरबाईला भरून आलं. बापाने पाहिलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि ती खुशाल डोळे पुसत हसली.

लग्न जेवून सादिक आला. लाकडाभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली, जरा वाकून.

"भाबी, चांद कुठी गेला?"

"कोनता चांद?"

"गेरूचा चांद! तारा! पतंग!"

सोजरबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. घासताना बोटं लाल झालेली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, जुनं लाकूड आहे, रंग सोडत असेल.

सादिक धपकन मातीत बसला. सगळे खांब सारखे, सगळ्या तुळया सारख्या, एकापेक्षा एक चकचकीत. हाताने कोरलेलं काम ते. प्रत्येक कुसू आपल्याच खाचेच्या मापाचं, दुसऱ्या खाचेत एक तर ढिलं नाहीतर बसतच नाही. रामकिसन बांधावर उभा होता. त्याला असं हसू फुटलं की धोतराचा सोगा तोंडात कोंबावा लागला. "धुतलं! माहेर धुऊन टाकलं!" तो म्हणाला. मग त्याची नजर बायकोवर गेली. ती काहीच बोलत नव्हती. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रामकिसनचं हसू जागच्या जागी विरलं. "चहा पाहतो मी," असं म्हणून तो वावरातल्या शेडकडे गेला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याने बायकोसाठी चहा केला. फार वाईट झाला होता. तिने तो गुमान पिऊन टाकला.

चहा संपल्यावर मात्र ती उठली. रांगोळीसारख्या पांढऱ्या फक्कीने तिने जमिनीवर घर आखलं. इथे चूल, इथे मागचं दार, इथे रांजण. मग त्या आखलेल्या घरात ती चालू लागली, डोळे मिटून, हात पुढे करून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी.

"इथी खांब पाह्यजे. माय ताक घुसयाची त्याले दोरी बांधून."

सादिक उठला. खांबांवर वाकून त्याने बोटं फिरवली, आणि एका खांबाच्या कमरेला दोरीने झिजून पडलेला गोल खळगा सापडला. "भेटला भाबी!"

मग काय! ज्या खांबाजवळ रॉकेलची चिमणी टांगलेली असायची त्याच्या डोक्याशी काळं होतं, आणि शेंडीने कितीही घासलं तरी ते आत मुरलेलं होतं. ज्या तुळईला पाळणा बांधायचे तिला दोन खाचा पडलेल्या. मागच्या दाराची चौकट बकरीच्या पिल्लाने कुरतडलेली, ते पिल्लू सोजरबाईचं लाडकं होतं आणि त्यापायी तिने मार खाल्ला होता. सांगता सांगता ती लहान झाली. सादिक लाकडं उचलत होता, ही हुकूम सोडत होती, आणि दिवसागणिक मागचा खण जुळत गेला. कुसू खाचेत बसलं की खट् असा आवाज व्हायचा, आणि तो आवाज झाला की दोघं एकमेकांकडे पाहून हसायचे. वर्षानुवर्षं प्लायवूड कापणाऱ्या सादिकला तर असं झालं होतं की घरी जायलाच नको. डबा घेऊन त्याची बायको मेहरबी वावरात यायची आणि म्हणायची, "भाबी, तुमी याले इथंच ठेवून घ्या."

रामकिसन बाहेरून पाठिंबा द्यायचा. म्हणजे तुराट्या तोडून आणायच्या, गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, आणि शेण टाकून चिखल तुडवायचा, अंबाडीची दोरी वळायची. फक्कीची रेघ मात्र ओलांडायची नाही. चिखलाचं घमेलं तो रेघेवर ठेवायचा आणि मागे सरायचा. जसं काही पलीकडे वीज सोडली होती.

मागचा खण झाला आणि गाडी अडली. पुढचा खण म्हणजे ओसरी. ओसरी बापाची, गड्यांची, आल्यागेल्यांची. पोरींनी तिथून मान खाली घालून जायचं. सोजरबाईला ओसरीतली जमीन आठवत होती, शेण सारवल्याची बोटं आठवत होती, पण खांब आठवत नव्हते, कारण ते पाहायला मान वर कोणी केली होती? सादिकने अंदाजाने एक तुळई चढवली. कुसू थोडं जाड वाटलं, म्हणून त्याने हातोडी मारली, अजून एक मारली, आणि लाकूड कर्र करून बोललं. बोटभर चीर गेली. सादिकने हातोडी फेकून दिली.

"भाबी, आता ऐका मायं. लोखंडी पट्ट्या मारतो, नटबोल्ट लावतो. वरून पेंट. कोनाले दिसनार नाई."

"मले दिसीन," सोजरबाई म्हणाली. "पट्ट्या मारल्या तं थे माह्या बापाचं घर नाई राहत, सादिकभाऊ. थे टपरी होते."

"मंग अर्धं घर ठेवता का?"

उत्तर तिला माहीत होतं आणि तेच तिला नको होतं. ओसरी माहीत असलेला एकच माणूस आता जगात होता. तो पुण्यात चौथ्या मजल्यावर बसला होता, आणि त्याच्याशी तिने दिवाळीपासून अवाक्षर काढलं नव्हतं. त्याचे फोन आले की ती मोबाइल उलटा ठेवायची. ज्याने घर सरपणात काढलं, त्यालाच आता हात जोडायचे? तिचा जीव नुसता जळत होता. दोन दिवस तिने अर्ध्या घराभोवती येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी तिने पाहिलं की वाऱ्याने मागच्या खणाच्या तुळया, पुढे आधार नसल्यामुळे, हलायला लागल्या आहेत. तिने फोन लावला.

"फुल्या," ती म्हणाली, राम राम नाही की कसा आहेस नाही. "ओसरीचे खांब वयखाले ये."

"येतो बाई," तो म्हणाला.

फुलचंद शेलूबाजारच्या फाट्यावर उतरला तेव्हा रामकिसन त्याला घ्यायला गेला होता. पोट सुटलेलं, पायात पांढरे बूट, हातात एवढीशी पिशवी. वावरात आल्यावर त्याने आधी उभा असलेला मागचा खण पाहिला आणि तो वाटेतच थांबला. सोजरबाई पाणी घेऊन पुढे झाली, पण तोंड वाकडंच. मग तो ओसरीच्या लाकडांकडे गेला. एकाला हात लावला, दुसऱ्याला लावला. सादिक, रामकिसन, मेहरबी, सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे तं निरे सारखे दिसून राह्यले."

सोजरबाईला वाटलं, झालं. संपलं. यालाही काही आठवत नाही. पुण्याच्या लिफ्टने याच्या डोक्यातलं सगळं खाली सोडलं.

फुलचंदने बूट काढले. "उभे करा एकेक," तो म्हणाला. सादिक आणि रामकिसनने एक खांब उभा धरला. हो, रामकिसनने! रेघ ओलांडल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. फुलचंद खाली मांडी घालून बसला आणि खांबाला पाठ टेकली. डोळे मिटले. पाठ जरा इकडे घासली, जरा तिकडे घासली, म्हशीसारखी.

"हा नाई."

दुसरा धरला. "हा बी नाई." मेहरबी पदराआडून हसायला लागली. सादिकच्या तोंडी अल्ला आला. तिसरा धरला. फुलचंदने पाठ टेकली आणि एकदम ओरडला, "आई गं! हाच! हाच थो!"

"काहून?" सादिकने विचारलं.

"गाठ हाय त्याले! पाह्य, इथी, खांद्याच्या खाली टोचते. बापानं मले याच खांबाले बांधलं व्हतं, मी पेरू चोरले तवा. दिवसभर टोचत व्हती. शायेचा अभ्यास बी याच खांबाले टेकून केला मी. अर्ध्या आयुष्याची पाठ हाय ही, कशी इसरीन?"

सोजरबाई धावली. खांबावर, बसल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, खरंच एक सुपारीएवढी गाठ होती. तिने ती इतकी घासली होती तरी तिला दिसली नव्हती.

मग फुलचंद सुटला. ज्या खांबाला बापाची टोपी टांगायची त्याला खुंटीचं भोक. ज्याला गायीचं वासरू बांधायचे तो खालून गुळगुळीत, कारण वासरू अंग घासायचं. खांब कळले तेव्हा तुळया आपोआप कळल्या, कारण माप तर मापालाच बसणार. चीर गेलेल्या तुळईला सादिकने आतून सागवानाची पाचर मारली, डिंक भरला, आणि ती आपल्या खऱ्या जागी चढवली. खट्! तो आवाज फुलचंदने पहिल्यांदा ऐकला आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दुपारच्या जेवणाला सगळे बाभळीखाली बसले. सोजरबाईने भावाच्या ताटात ठेचा वाढला, आणि हात मागे घेतला नाही.

"सरपन म्हनला तू," ती म्हणाली. "कोन्या तोंडानं म्हनला बे?"

फुलचंदने भाकरी खाली ठेवली. "काय म्हनू मंग? इकतानी मले नाई पाहवलं थे घर. सही कराले गेलो तं आत बी नाई गेलो, दारातूनच वापस आलो. वाटलं, जयून जाईन तं बरं होईन, आठोन तं येनार नाई." त्याने भाकरीचा तुकडा उगाच मोडला. "तुले इचाराची हिंमतच नाई झाली बाई."

"मुर्दाड हायस."

"हाव."

"खाय आता. ठेचा लय हाय, पानी घे."

भांडण तेवढ्यावर मिटलं. दिवाळीपासून साठवलेल्या शिव्या सोजरबाईने दोन शब्दांत भागवल्या, कारण खरं सांगायचं तर तिच्यात आता राग उरलाच नव्हता. भाऊ आला होता आणि घर जुळत होतं.

आढं चढवायचा मुहूर्त अखाजीचा धरला. आपल्याकडे रीत अशी, की घराचं आढं चढताना बाईच्या माहेरचा आहेर यावा. गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावून वाद घातला. माहेर तर इथे स्वतःच उभं आहे, मग आहेर कोण कोणाला करणार? फुलचंदने वाद ऐकून घेतला आणि सादिकच्या गाडीवर मागे बसून शेलूबाजारला गेला. येताना बहिणीला हिरवं लुगडं आणलं, मिस्त्रीला टॉवेल-टोपी आणली, आणि रामकिसनला फेटा.

"भाऊजी, या, बसा पाटावर," फुलचंद म्हणाला. पाट त्याने मुद्दाम ओसरीच्या मधोमध मांडला होता.

रामकिसन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सारा गाव पाहत होता. हरिसिंग तर हॉटेल बंद करून आला होता. "जा जवाईबुवा, जा! सासुरवाडीचं बोलावनं हाय!" त्याने आवाज दिला.

"जाऊन राह्यलो न!" रामकिसन खेकसला. "जिता व्हता तोवर हिच्या बापानं मले पाटावर बसवलं, तवा नाई लाजलो. आता कायले लाजू?" आणि तो आत जाऊन बसला. फुलचंदने फेटा बांधला. बायकोच्या तोंडाकडे पाहून रामकिसनला वाटलं की लोकांनी अजून चार नावं ठेवली तरी चालतील. खांबांवर चढलेल्या गड्यांनी आढं वर ओढलं, सादिकने शेवटची मेख ठोकली, मेहरबीने सगळ्यांना साखर वाटली. सोजरबाईने नवं लुगडं नेसून, गाव असो की भाऊ असो, मागच्या दारात पदर पाडून बैठक मारली.

फुलचंद दोन दिवसांसाठी आला होता. कवेलू चढले तरी तो होता. कूड लिंपून झाला, भिंती वाळल्या, तरी होता. रोज दुपारी ओसरीतल्या गाठीच्या खांबाला टेकून झोपायचा आणि रोज म्हणायचा, उद्या निघतो. शेवटी पोराचा तिसरा फोन आला तेव्हा निघावं लागलं.

सोजरबाईने पिशवी भरली. तुरीची डाळ, कुरडया, लोणच्याची बरणी, ठेचा वेगळा बांधून. कपाळाला कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं. माहेराहून निघताना आई तिच्यासाठी जे जे करायची ते ते सगळं तिच्या हातून झालं, आणि झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे आपण गड्यामाणसाला करून राहिलो. फुलचंदलाही ते कळलं. तो उंबऱ्यात थांबला. पांढरे बूट एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात. बाहेर पाय काही पडेना.

"बाई," तो म्हणाला, "दिवाळीले येऊ का?"

साठीकडे झुकलेला, सुनानातवंडांचा माणूस. पुण्यात स्वतःच्या नावाचा फ्लॅट. तो परवानगी मागत होता. सोजरबाईला एवढे महिने वाटत होतं की माहेर आपलंच तुटलं. याचंही तुटलं होतं, आणि लेकीला निदान वाजतगाजत पाठवतात, याला तर कोणी जा म्हणूनही सांगितलं नव्हतं.

"इचारतं काय येड्या? लेकीले मूळ धाडतेत तसं धाडतो तुले," ती म्हणाली. "तुये भाऊजी येतीन घ्याले. बॅग भरून ठेवजो."

रामकिसन फटफटीला किक मारत होता. त्याने मान हलवली, येतो म्हणून.

फुलचंद अंगणात उतरला, दोन पावलं गेला आणि मागे वळला. "अन् भाऊजी नाई आले तं?"

"तं मी येतो," सोजरबाई म्हणाली. "तू जाय आता, बस चुकते."